थंडीत दक्षिणेकडे: मुंबई ते कन्याकुमारी, दोघांनी, आपल्या गाडीने

मुंबईत कसली आलीय थंडी, असं पुणे-नाशिकचे पाहुणे दरवर्षी ऐकवतात. त्यांनी जानेवारीत पहाटे मुलुंडला किंवा बोरिवलीला, नॅशनल पार्कच्या कडेच्या एखाद्या इमारतीत झोपून पाहावं. पारा चौदा-पंधराच्या खाली क्वचितच जातो हे खरं, पण आपली घरं थंडीसाठी बांधलेलीच नसतात. खिडक्यांच्या फटी कायमच्या उघड्या, पायाखाली गारेगार लादी, आणि बाहेर सकाळी दहापर्यंत न हलणारं धुरकट. ज्याला दमा आहे त्याची आणि जिचे गुडघे बोलतात तिची या दिवसांत फजिती होते. आमच्या घरात ही दोन्ही माणसं राहतात, म्हणून संक्रांत झाली की आम्ही गाडी काढतो आणि दक्षिणेची वाट धरतो.

हा लेख निवृत्त झालेल्या किंवा सलग तीन आठवड्यांची रजा काढू शकणाऱ्या जोडप्यांसाठी आहे. जाताना दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर, क्वचित तीनशेच्या पुढे, आणि मध्ये भरपूर मुक्काम, असा हिशेब धरला आहे. तीन दिवसांत कन्याकुमारी गाठणाऱ्यांना यातलं काहीच पटणार नाही.

घाट चढायचा नाही

मुंबईकराचं स्टेअरिंग आपोआप पुणे-सातारा-कोल्हापूरकडे वळतं, कारण रस्ता चांगला. गोव्याला जाणारे कितीतरी लोक निपाणीपर्यंत जाऊन मग आंबोली उतरतात. एरवी खुशाल जा. जानेवारीत मात्र सातारा, कराड, बेळगाव इथे रात्री मुंबईपेक्षा जास्त गारठा असतो, आणि पुढे बेंगळुरूही काही उबदार नाही. थंडी चुकवायला निघालो आणि पहिल्याच मुक्कामाला लॉजवाल्याकडे जादा रग मागितला, तर कशाला निघालो?

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, ज्याला आपण अजून सवयीने सतरा नंबर म्हणतो. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर तो सुरू होतो आणि कोकण, गोवा, कर्नाटकची किनारपट्टी, केरळ असं करत साधारण १६०० किलोमीटरवर कन्याकुमारीला संपतो. समुद्र उजव्या हाताला आणि सह्याद्री डाव्या हाताला, एवढं लक्षात ठेवलं तरी रस्ता चुकणार नाही. घाटमाथ्यावरच्या गारठ्याला डोंगर अडवतो आणि समुद्र रात्री पारा फार उतरू देत नाही. म्हणून मंगळूर, कोची, तिरुवनंतपुरम इथे जानेवारीच्या रात्रीही बहुधा २१ ते २३ अंशांच्या आसपासच असतात. पंखा लावून झोपायचं.

यात एक अपवाद आहे आणि तो आपल्याच राज्यात आहे. कोकणात हा महामार्ग समुद्राला धरून जात नाही, तो आत सह्याद्रीच्या पायथ्याने जातो. पोलादपूर, खेड, चिपळूण ही गावं डोंगरांच्या कुशीत आहेत, तिथे पहाटे धुकं आणि चांगलीच थंडी असते. म्हणून पहिली रात्र चिपळूणला न काढता रत्नागिरी शहरात काढा. हातखंब्याला महामार्ग सोडून बारा-तेरा किलोमीटर आत जावं लागतं, पण समुद्राजवळ आल्याचा फरक त्याच रात्री कळतो.

तारीख: संक्रांतीनंतर, प्रजासत्ताक दिनाच्या आधी

निम्मं नियोजन तारखेतच होतं, त्यामुळे इथे जरा थांबते.

नाताळ ते एक जानेवारी गोव्यात पाऊल ठेवू नका, खोल्यांचे भाव आणि रस्ते दोन्ही हाताबाहेर गेलेले असतात. फोर्ट कोचीतही ३१ डिसेंबरच्या रात्री पप्पांजीचा पुतळा जाळतात, त्यासाठी अख्खं केरळ लोटतं. दुसरी गोष्ट शबरीमलाची. नोव्हेंबरच्या मध्यापासून मंडलपूजेचे ४१ दिवस आणि मग १४ जानेवारीच्या आसपास मकरविळक्कू, तोपर्यंत केरळातल्या रस्त्यांवर अय्यप्पा भक्तांच्या गाड्या आणि लॉजमध्ये त्यांचे जथे असतात. गुरुवायूरलाही त्या काळात रांगा दुप्पट. तिसरं म्हणजे पाऊस. दक्षिण केरळ आणि तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आणि चक्रीवादळंही याच दिवसांत येतात. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ कन्याकुमारीजवळूनच गेलं होतं. चौथं, पोंगलचे तीन-चार दिवस कन्याकुमारी माणसांनी फुललेली असते.

हे सगळं १७-१८ जानेवारीपर्यंत आटोपतं. मुंबईत तेव्हा थंडी भरात असते. म्हणून १८ ते २२ जानेवारीच्या दरम्यान, तेही आठवड्याच्या मधल्या वारी निघा. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली तर गोवा त्याआधीच ओलांडलेला बरा. उडुपीला मात्र एक तारीख पाहून ठेवा: समसंख्येच्या वर्षी १८ जानेवारीला तिथे पर्याय महोत्सव असतो, कृष्णमठाच्या पूजेचा अधिकार आठ मठांपैकी एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बघण्यासारखा सोहळा आहे, पण खोली महिनोन्महिने आधी ठरवलेली हवी. परत यायचं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यानंतर केरळात ऊन असं तापतं की थंडी बरी वाटायला लागते.

गाडी आणि डिकी

निघण्याच्या दोन आठवडे आधी सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नको. सर्व्हिसिंगमध्ये काही ढिलं राहिलंच, तर ते मुंबईतच लक्षात येतं. मेकॅनिकला ब्रेक पॅड, कूलंट, बॅटरी आणि वायपरचं रबर पाहायला सांगा. वायपर कशाला, पाऊस तर नाही, असं तो म्हणेल. पण कोकणात आणि कारवारच्या पुढे पहाटे काचेवर इतकं दव पडतं की वायपरशिवाय गाडी हलत नाही. आतून काच धुरकटली तर एसी चालू करा आणि बाहेरची हवा आत येऊ द्या, फडक्याने पुसत बसू नका. स्टेपनीत हवा भरलेली आहे का ते स्वतः दाबून पाहा. सोबत हवा भरायचा बारा व्होल्टचा छोटा पंप आणि जंप केबल ठेवा.

सीएनजीची गाडी असेल तर दोन अडचणी येतात. सिलिंडर डिकी खातो, आणि पुढे पंपावर रांगेत वेळ जातो. पूर्ण भिस्त सीएनजीवर ठेवू नका, पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. कागद सगळे डिजिलॉकरमध्ये असले तरी आरसी, विमा, पीयूसी यांच्या छापील प्रती डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या. विम्याची आणि पीयूसीची मुदत प्रवासाच्या मधेच संपत नाही ना, हे आजच पाहा.

सामानाचं माझं म्हणणं थोडक्यात: उबदार कपडे एकाच पिशवीत, वरच्या बाजूला, कारण ते फक्त पहिले दोन दिवस लागतात. एक शाल, एक स्वेटर, पायमोजे, कानटोपी. बाकी सगळं सुती. पुरुषांसाठी एक पांढरं मुंडू किंवा धोतर आणि बायकांसाठी एक साडी लागतेच, कारण तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना उघड्या अंगाने मुंडू नेसून आणि बायकांना साडी किंवा तशाच पारंपरिक वेषात जावं लागतं. दारात भाड्याने मिळतं, पण ते नेसताना जी धावपळ होते ती टाळलेली बरी. गोळ्या-औषधं जेवढ्या दिवसांची लागतील त्याच्या दीडपट घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा, एक डबा पर्समध्ये, दुसरा डिकीत. इनहेलर डिकीत कधीच नको. बंद गाडी उन्हात तापते आणि इनहेलरला उष्णता चालत नाही.

इलेक्ट्रिक किटली, भाजणी आणि मेतकुटाची बरणी. यावर घरात वाद होतो, पण आठव्या-दहाव्या दिवशी खोबरेल तेलातल्या भाजीनंतर मेतकूट-भाताचं काय मोल असतं ते तिथेच कळतं.

कोण कुठे बसणार

दक्षिणेकडे जाताना सकाळचं ऊन डाव्या खिडकीतून येतं आणि दुपारनंतर उजव्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे बारा-एकच्या सुमाराला तो समोरच्या काचेतूनच डोळ्यांत येतो. यातून दिवसाचं वेळापत्रक आपोआप ठरतं. सकाळी सातला निघायचं, ज्याला जास्त थंडी वाजते त्याने डावीकडे बसून ऊन खायचं, आणि एकच्या आत मुक्कामाला पोचायचं. दुपारी तापमान तेहतीसच्या घरात असतं, ती वेळ जेवून आडवं होण्याची. पाच वाजता समुद्रावर. पहिल्या दिवशी ही शिस्त मोडावी लागते, ते पुढे येईलच.

दोघंही गाडी चालवत असाल तर दर दीड तासाने बदला, कंटाळा आला की नाही याची वाट पाहू नका. एकच चालवत असेल, तर दुसऱ्याकडे टोल, नकाशा, पाणी, खोलीवाल्याला फोन ही सगळी खाती सोपवा, आणि चालवणाऱ्याने त्या खात्यांत ढवळाढवळ करायची नाही. लॉजच्या अंगणात गाडी मागे घेताना दोघांपैकी एकानेच बोलायचं. लग्न टिकवण्याच्या दृष्टीने हा नियम फार महत्त्वाचा आहे.

पहिला दिवस: कोकण पार करणं

अख्ख्या प्रवासातला सर्वात किचकट दिवस पहिलाच. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव या पट्ट्यात रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं आहे. कुठे चार पदरी सिमेंट, कुठे अचानक डायव्हर्शन, आणि माणगावच्या बाजारात तर शनिवारी-रविवारी तासभर सहज जातो. त्यामुळे या एका दिवशी पहाटे पाचला घर सोडा आणि माणगाव नऊच्या आत मागे टाका. दक्षिण मुंबईतून किंवा दादरहून येणाऱ्यांना शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू सोयीचा. हा २१.८ किलोमीटरचा पूल उतरलात की पनवेलच्या गर्दीत न शिरता पेणच्या रस्त्याला लागता. ठाणे-मुलुंडकरांनी मुंब्रा बायपास किंवा ऐरोलीमार्गे पळस्पे गाठावं.

महाडपुढे पोलादपूर आलं की जुन्या लोकांना कशेडी घाटाची धास्ती वाटते. आता घाटाखालून बोगदा झाला आहे, वळणावळणाची ती चढण वाचते. बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे सकाळी धुकं असतं, तेव्हा दिवे लो बीमवर ठेवा. हाय बीमने धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते. चिपळूणजवळचा परशुराम घाट रुंद झाला आहे. तिथून संगमेश्वर, हातखंबा आणि रत्नागिरी. मुंबईपासून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर होतात. न्याहारीला वेळ घालवू नका, डबा घरून आणा आणि महाडपुढे खा.

रत्नागिरीला दुपारी पोचलात तर थिबा पॅलेसवर चक्कर होते. ब्रह्मदेशचा राजा थिबा तिथे नजरकैदेत होता आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याच्या नावाचा थिबा पॉइंट संध्याकाळी छान.

गोवा: फक्त दक्षिण

दुसऱ्या दिवशी राजापूर, कणकवली, कुडाळ करत पत्रादेवीला गोव्यात शिरा. हातखंब्यापासून खाली रस्ता बहुतेक ठिकाणी मोकळा आहे. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं, तिथे टाकी पूर्ण भरा. झुआरी नदीवरचा नवा केबलचा पूल २०२३ च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी सुरू झाला, त्यामुळे कुठ्ठाळीचा तो कुप्रसिद्ध खोळंबा संपला.

कळंगुट-बागा सोडून द्या. काणकोण तालुक्यात आगोंद किंवा पाळोळे इथे दोन रात्री काढा. हा टप्पा तीनशेच्या थोडा अलीकडे-पलीकडे पडतो. बाटल्या घेऊन राज्याची हद्द ओलांडू नका, पोळें ओलांडताच माजाळीच्या नाक्यावर कर्नाटक एक्साइजवाले डिकी उघडायला लावतात.

कर्नाटकची किनारपट्टी

पोळें ओलांडलं की कारवार. इथे मराठी अगदी आरामात चालतं. कारवार ते अंकोला हा डोंगर कापून काढलेला रस्ता पावसाळ्यात धोक्याचा. २०२४ च्या जुलैमध्ये अंकोल्याजवळच्या शिरूरला दरड कोसळून मोठी दुर्घटना झाली. हिवाळ्यात ती भीती नसते, म्हणून हा पट्टा पाहायचा तर याच दिवसांत.

काणकोण ते उडुपी एका दिवसात होतं, साधारण अडीचशे किलोमीटर, आणि रस्ता चांगला चार पदरी आहे. पण मध्ये गोकर्ण किंवा मुर्डेश्वरला एक रात्र काढलीत तर चाल सुखाची होते. गोकर्णला महाबळेश्वराचं दर्शन सकाळी लवकर घ्या आणि कुडले किनाऱ्यावर संध्याकाळ काढा. ओम बीचला उतरायला पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी वरूनच पाहावा. मुर्डेश्वरला उलट सगळं सोयीचं: लिफ्टने गोपुराच्या वर जाता येतं आणि तिथून १२३ फुटी शंकर आणि तीन बाजूंनी समुद्र दिसतो.

कुंदापूरच्या आधी मरवंते येतं, तिथे गाडी हळू करा. रस्त्याच्या एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला सौपर्णिका नदी, मधे जेमतेम महामार्ग. बाजूला थांबायला जागा आहे, मधेच ब्रेक मारू नका, मागून ट्रक येतात. कुंदापूर हे घी रोस्ट चिकनचं माहेर. शाकाहारी असाल तर उडुपीपर्यंत भूक राखून ठेवा. गोळी बजे, केळं घातलेले गोडसर बन्स, आणि आपल्या घावनांची सख्खी बहीण शोभेल अशी नीर डोसा, हे सकाळच्या न्याहारीचं. मठाच्या रथबीदीवरच्या, म्हणजे रथ फिरतो त्या रस्त्यावरच्या, साध्या हॉटेलांत जा, फाटकावर मोठ्या पाट्या लावलेल्या ठिकाणी नको. कृष्णाचं दर्शन चांदीच्या नवग्रह खिडकीतून होतं. दुपारी मठात प्रसादाचं जेवण असतं, पंगतीत खाली बसणं जमत नसेल तर आधी विचारून घ्या.

केरळात शिरताना

मंगळुरानंतर तलपाडीला केरळ सुरू होतं. इथल्या महामार्गाचं सहा पदरी रुंदीकरण झपाट्याने चाललं आहे. काही भागांत तुम्ही शंभर किलोमीटर एका दमात जाल आणि पुढच्या वीस किलोमीटरला दीड तास लागेल. सर्व्हिस रोडवर उतरवलं की नकाशावाली बाई गोंधळते, तेव्हा तिच्यापेक्षा रस्त्यावरच्या पाट्यांवर विश्वास ठेवा. २०२३ पासून रस्त्यांवर कॅमेरे आहेत, पट्टा शेजारी बसणाऱ्यानेही बांधायचा, नाहीतर पावती घरी येते. आणखी एक, केरळात अधूनमधून हरताळ होतो. त्या दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा गाडी न काढलेलीच बरी. वेळापत्रकात दोन दिवस रिकामे ठेवा ते यासाठीच.

कासरगोडच्या पुढे बेकलचा किल्ला आहे, केळदीच्या शिवप्पा नायकाच्या काळातला. तो पाहून कण्णूर गाठा आणि कमीत कमी दोन रात्री राहा. या सगळ्या वाटेवर मला सर्वात आवडणारं ठिकाण हेच, म्हणून इथे हात जरा सैल सोडते.

जानेवारी-फेब्रुवारी हा तेय्यमचा, म्हणजे इथल्या देवळांतल्या नृत्यविधीचा, भर हंगाम. कोकणातला दशावतार पाहिलेल्यांना रात्रभर जागायची सवय असतेच, पण दशावतारात नट देवाचं सोंग घेतो आणि इथे त्या रात्रीपुरता तो देवच होतो. गावागावांतल्या कावूंमध्ये, म्हणजे देवरायांतल्या छोट्या देवळांत, ठरलेल्या तिथींना तेय्यम होतं. कुठे, किती वाजता, हे इंटरनेटपेक्षा तुमच्या होमस्टेच्या मालकाला चांगलं ठाऊक असतं. पोचल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा. पहाटे तीन-चारला उठून जावं लागतं. अंगणात चेंडा नावाचे ढोल घुमत असतात, नारळाच्या झावळ्यांच्या मशालींचा धूर डोळ्यांत जातो, आणि कुणीतरी पुरुषभर उंचीचा लाल मुकुट डोक्यावर तोलत, चेहऱ्यावर बारीक लाल-काळी रेघोट्यांची नक्षी घेऊन गर्रकन वळतो. फ्लॅश मारू नका, वाटेत उभं राहू नका, बायका-पुरुषांच्या बसायच्या बाजू वेगळ्या असतील तर त्या पाळा. शेवटी तेय्यम एकेका भक्ताचा हात धरून बोलतो आणि हळद देतो. भाषा कळत नाही, तरी रांगेत उभं राहायला कुणाची ना नसते. पहाटे दवात बसायचं असल्याने वर ठेवलेली ती शाल इथे एकदा कामाला येते.

एवढं जागरण झेपणार नसेल तर परश्शिनिकडवूला मुत्तप्पनचं तेय्यम बहुतेक रोज असतं. प्रसादाला उकडलेली कडधान्यं, खोबऱ्याचे तुकडे आणि चहा मिळतो. आवारात कुत्री मोकळी फिरतात, त्यांना कुणी हाकलत नाही, ती मुत्तप्पनची.

कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडचा किनारा चारेक किलोमीटर लांब आहे आणि वाळूवर गाडी चालवता येते. जरूर चालवा, ओहोटीला आणि ओल्या घट्ट वाळूवरून. मात्र त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, खारं पाणी पत्र्याला खातं.

खाली तलश्शेरी-माही बायपास २०२४ मध्ये सुरू झाला, त्यामुळे माही गाव आता वाटेत लागत नाही. माही पुदुच्चेरीचा तुकडा आहे आणि तिथे पेट्रोल केरळपेक्षा स्वस्त. टाकी निम्म्याहून रिकामी असेल तरच बायपास सोडा, नाहीतर रांगेत वाचलेले पैसे वेळेने जातात.

कोळिकोडला एक रात्र. तलश्शेरी किंवा कोळिकोडची बिर्याणी बारीक दाण्याच्या कैमा तांदळाची असते, बासमतीची अपेक्षा ठेवू नका. वर सुलेमानी चहा. शाकाहाऱ्यांनी पुट्टू-कडला, आप्पम-स्ट्यू यांवर ताव मारावा. जेवणाबरोबर कोमट गुलाबी पाणी येईल, दचकू नका. पतंग नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं असतं ते. रोज बाहेरचं पाणी पिताना उकळलेलं मिळतंय, हे आपल्या पोटासाठी चांगलंच.

कोची आणि त्याखाली

कोळिकोडहून पोन्नानी, चावक्काड, कोडुंगल्लूर असा १८० किलोमीटरच्या आसपासचा टप्पा. कोडुंगल्लूरनंतर सरळ एडप्पळ्ळीच्या कोंडीत न जाता चेराईकडे वळा आणि वैपीन बेटावरून खाली या. टोकाला रो-रो बोटीवर गाडी चढवली की काही मिनिटांत फोर्ट कोची. गाडी एकदा लावली की दोन दिवस हलवू नका. पायी, रिक्षाने, किंवा वॉटर मेट्रोने फिरा. मट्टांचेरीत गौड सारस्वतांची मोठी वस्ती आहे, तिरुमला देवस्वमच्या आसपासच्या दुकानांत कोकणी कानावर पडते. आपली मोडकी मालवणी बोलून पाहा, भाव कमी होत नाहीत, पण गप्पा होतात.

कोचीहून अरूर ते थुरवूर या भागात उन्नत मार्गाच्या कामामुळे खोळंबा होत आला आहे, म्हणून सकाळी सातच्या आत निघा. आलप्पुळा ५०-५५ किलोमीटर. हाउसबोट दोघांसाठी महाग पडते, आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ती कडेला बांधतात, कारण पुढे मासेमाऱ्यांची जाळी पसरतात. बरेचदा एसीही फक्त रात्रीच चालू करतात, आधी विचारा. माझं मत विचाराल तर राज्य जलवाहतूक विभागाची आलप्पुळा-कोट्टयम बोट पकडा. अडीच तास कुट्टनाडच्या शेतांमधून जाते, समुद्रसपाटीच्याही खाली असलेली भातशेती दोन्ही बाजूंना, आणि तिकीट चहा-नाश्त्याच्या पैशांत.

पुढे वर्कला. कडा उंच आहे आणि खाली पापनाशम किनारा. कड्यावरच्या खोल्या देखण्या, पण आवाज फार. देवळाच्या बाजूला शांत आणि सपाट जागी राहा. आमचा सर्वात लांब मुक्काम इथेच असतो. सकाळी चालणं, दुपारी झोप, संध्याकाळी मासळी. गुडघ्यांना आठवड्याभरात ओल्या वाळूची सवय होते.

वर्कला ते कन्याकुमारी दीडशेच्या आत. तिरुवनंतपुरमला दर्शन घेऊन पुढे तक्कलैला पद्मनाभपुरम राजवाडा पाहा, सोमवारी बंद असतो. लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध, तमिळनाडूत असूनही कारभार केरळकडे.

कन्याकुमारीत एक फायदा फक्त हिवाळ्यात मिळतो: सूर्य समुद्रातून उगवताना आणि समुद्रातच मावळताना, दोन्ही दिसतं. सूर्योदय मुंबईपेक्षा अर्ध्या तासाने लवकर होतो, त्यानुसार गजर लावा. विवेकानंद शिलास्मारकाची बोट सकाळी आठच्या सुमाराला सुरू होते, साडेसातला रांगेत असा. हे स्मारक उभं करण्यामागे अमरावती जिल्ह्यात जन्मलेले एकनाथजी रानडे होते, १९७० मध्ये ते पूर्ण झालं. शेजारी तमिळ कवी तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा, आणि २०२४ च्या डिसेंबरअखेरीपासून दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूल. पायाखाली समुद्र पाहून ज्याला गरगरतं त्याने कडेने चालावं.

पैसा आणि खोल्या

जाऊन-येऊन, इकडेतिकडे फिरून ४००० किलोमीटर धरा. गाडी लिटरला १५ देत असेल तर २७० लिटर पेट्रोल. खर्चाचा मोठा भाग खोल्यांचा असतो. फेब्रुवारीत आठवड्याभराचा मुक्काम सांगून भाव करता येतो, एका रात्रीला नाही. खोली ठरवताना फोनवर विचारायचं: तळमजला की लिफ्ट, कमोड आहे का, गाडी आवारात राहील का, आणि डास. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळे खोटं देतात, म्हणून मच्छरदाणी सोबत असू द्या. दोघांचीही आधार कार्डं लागतात.

फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून निघाला आहे, सुरुवातीचा दर ३००० रुपये, वर्षभर किंवा २०० फेऱ्या. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर खाजगी गाडीला तो चालतो, अटल सेतू किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर नाही. वर्षात एकदाच एवढा प्रवास करणार असाल तर आधी वाटेवरच्या टोलचा हिशेब करून मगच घ्या.

परतीची वाट

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यानंतर घाटमाथ्यावरची थंडी ओसरते, तेव्हा आता घाट चढायला हरकत नाही. कन्याकुमारी, मदुराई, सेलम, बेंगळुरू, हुबळी, कोल्हापूर, पुणे. साडेसोळाशेच्या आसपास किलोमीटर, पण मोठे रस्ते असल्याने चार दिवसांत घर येतं. मदुराईला मीनाक्षीसाठी एक पूर्ण सकाळ ठेवा. हुबळी-बेळगावच्या मुक्कामाला रात्री अजून गार वाटू शकतं, म्हणून ती उबदार कपड्यांची पिशवी बेंगळुरूला पुन्हा वर काढा. केळ्याचे वेफर्स आणि हलवा मात्र कोळिकोडलाच जाताना घेतलेला असतो, तो परतताना संपलेला निघतो. शेजाऱ्यांसाठी वेगळा, सीलबंद, आणि डिकीच्या तळाशी ठेवा.